विश्वे अनंत, गाव कुठले?

रामाच्या काळी जालन्याला जनकपूर म्हणत आणि सीतामाईचे इथे वास्तव्य होते, अशी जुनी आख्यायिका आहे. पुढे एका धनाढ्य जुलाह्यामुळे, म्हणजे विणकर व्यापाऱ्यामुळे, गावाला जालना हे नाव पडले, असेही सांगतात. एक नाव पुराणातून आले, दुसरे मागावरून. इतिहासकाराला या गोष्टीचा फारसा उपयोग नाही, पण गोष्ट सांगणाऱ्याची गरज त्यातून कळते. चौदा भुवने मोजून झाली तरी सीतेला राहायला एक गाव लागतेच.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळापुढे आज हाच प्रश्न आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली तो आणला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका पात्राच्या तोंडून बोलतो, एक जण म्हणजे ‘डीएम’ जग उभे करतो आणि नशिबाचा कौल फासे देतात. हे जग म्हणजे सेटिंग. आता प्रकाशकांची भूमिका अशी की त्यांची सगळी जगे, इतकेच काय तुम्ही घरी रचलेले जगसुद्धा, एकाच बहुविश्वाचा भाग आहेत. मग ते बहुविश्व स्वतःच एक सेटिंग आहे का?

त्याचा उगम पाहिला तर ‘नाही’ म्हणावेसे वाटते. गायगॅक्सने १९७७ साली ‘द ड्रॅगन’ मासिकात बहुविश्वातल्या लोकांची (स्वर्गलोक, पाताळलोक या अर्थाने) रचना मांडली. भले-बुरे, शिस्त-बेबंदी यांच्या प्रत्येक मिश्रणाला एक लोक, आणि ते सगळे एका चक्रात बसवलेले. तो नीतीचा नकाशा होता. त्यावर देव राहत, माणसे नव्हेत. १९८९ च्या ‘स्पेलजॅमर’ने ग्रेहॉक, क्रिन आणि फरगॉटन रेल्म्स ही जगे अंतराळातल्या जहाजांनी जोडली. २००८ च्या आवृत्तीत ते चक्र मोडले, २०१४ मध्ये परत आले. एका आवृत्तीत काढून पुढच्या आवृत्तीत परत ठेवता येते त्याला मी जमीन म्हणणार नाही. ती मांडणी आहे, फडताळासारखी.

या मताला एकच मोठा अपवाद आहे आणि तो मला फार प्रिय आहे. डेव्हिड ‘झेब’ कुक यांच्या १९९४ च्या ‘प्लेनस्केप’मधले सिगिल. प्रचंड वलयाच्या आतल्या बाजूला वसलेले हे शहर. कुठलीही कमान दुसऱ्या विश्वाचे दार असू शकते, आणि त्याची किल्ली म्हणजे एखादी वस्तू, एखादा शब्द, नुसता हातवारासुद्धा. देवांना इथे मज्जाव आहे. शहराची मालकीण कधी बोलत नाही. पंधरा गट विश्वाच्या अर्थावरून भांडतात आणि त्याच भांडणातून शहराचा कारभार चालतो. हवा घाणेरडी, गल्लीतली बोली वेगळी, भिंतींवर धारदार वेली. इथे बहुविश्वाला वस्ती मिळाली, म्हणून ते सेटिंग झाले. दारे कितीही असोत, उंबरठा कुणाच्या तरी घराचाच असतो.

नंतरच्या पुस्तकांना हे क्वचितच साधले. २०२२ चा नवा ‘स्पेलजॅमर’ चौसष्ट-चौसष्ट पानांच्या तीन पुस्तकांत आटोपला. तेवढ्यात अवकाश मावते, गावे मावत नाहीत. त्याच वर्षीच्या ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’मध्ये तेरा साहसकथा आहेत. त्यांना जोडणारे नगर देखणे आहे, पण मला ते जंक्शनच्या फलाटासारखे वाटते. जीव आहे तो त्यातल्या मिमी मंडल यांच्या कथेतल्या शंखभूमीत, जिथे नदी हीच गावाची सोबत आणि नदीच गावाची भीती.

आणि अथास! १९९१ च्या ‘डार्क सन’मधले हे जळते जग. धातू दुर्मीळ, नाणी चिनीमातीची, पाण्याच्या प्रत्येक घोटाचा हिशोब, आणि मंत्र टाकला की आसपासची हिरवळ राख होऊ शकते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्याने तेव्हा टँकरची वाट पाहिली त्याला अथास समजावून सांगावे लागणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की बाकीच्या विश्वांपासून सर्वात तुटलेले जग हेच. तिथून पळून जायला दार जवळजवळ नाही, म्हणून तिथली तहान खरी वाटते. दुष्काळातून मधल्या दाराने हिरव्या रानात जाता आले असते तर टँकरपुढच्या भांडणाला अर्थ उरला नसता. बहुविश्वावरचा माझा खरा आक्षेप इथे आहे: ते प्रत्येक जगातली अडचण सैल करते.

जगे जोडूच नयेत असे मात्र मी म्हणत नाही. उदाहरण जवळच आहे: जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, उज्जैन-पैठण मार्गावरचे व्यापारी गाव. तिथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग मिळाला. इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या भारतीय मूर्तीशी त्याचे जवळचे साम्य आहे. जालन्यातल्या एखाद्या डीएमने पहिला डाव इथून सुरू करावा. कोरक्याने मूर्ती गवतात गुंडाळून तांड्याच्या हवाली केली आहे. ती शेवटी कुठल्या शहरात जाणार हे टेबलावर कुणालाच ठाऊक नाही. पुढे अजिंठ्याचा घाट आहे, बैल थकले आहेत, आणि अंधार पडण्याआधी पाणी शोधायचे आहे.