विश्व म्हणजेच गणित?

वर फेकलेल्या चेंडूचा मार्ग अन्वस्त असतो, असे आपण वर्गात शिकवतो. हवेचा विरोध धरला तर तो नेमका अन्वस्त राहत नाही, हे सांगायचे बहुधा राहून जाते. मॅक्स टेगमार्क यांचे ‘अवर मॅथेमॅटिकल युनिव्हर्स’ (२०१४) हे पुस्तक वाचताना ही गोष्ट आठवते.

गणिताने विश्वाचे वर्णन करता येते, एवढ्यावर टेगमार्क थांबत नाहीत. विश्व हीच एक गणिती रचना आहे, असा त्यांचा दावा आहे. बाह्य वास्तव माणसावर अवलंबून नसेल, तर त्याचे पूर्ण वर्णनही मानवी शब्दांपासून मुक्त हवे. शब्द वगळले की उरतात केवळ संबंध, म्हणजेच गणित. युक्तिवाद रेखीव आहे. पण वर्णन गणिती आहे म्हणून वस्तूही गणितच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

इतिहास काय सांगतो? युरेनसच्या गतीतील तफावतीवरून लव्हेरिए यांनी नव्या ग्रहाची जागा गणिताने काढली. १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना त्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. १८५९ मध्ये बुधाच्या गतीतील तफावतीवरून लव्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेच्या आत अज्ञात पदार्थ असावा, असा तर्क केला. तेथील कल्पित ग्रहाला ‘व्हल्कन’ हे नावही मिळाले. ग्रह मात्र मिळाला नाही. तफावतीचे कारण १९१५ साली आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताने दिले. पद्धत दोन्ही वेळा तीच होती. निर्णय दिला तो आकाशाने.

यावर टेगमार्क म्हणतील, प्रत्येक गणिती रचना वास्तवात असतेच. आपण त्यांपैकी एकीत आहोत. पण मग न्यूटनचे विश्वही कोठेतरी खरे, आणि निरीक्षणाने केवळ आपला पत्ता कळणार! अशा अगणित विश्वांत आपले विश्व सर्वसाधारण आहे की अपवादात्मक, हे मोजायचे कसे? ही अडचण टेगमार्क लपवत नाहीत. पण सोडवतही नाहीत.

गणित निसर्गाला इतके चपखल का लागू पडते, हे विग्नर यांनी १९६० साली व्यक्त केलेले आश्चर्य त्यामुळे कायम राहते. ते जागे करण्यासाठी हे पुस्तक मोठ्या विद्यार्थ्यांना जरूर द्यावे. सोबत मैदानात एक चेंडू आणि बॅडमिंटनचे एक फूल फेकायला सांगावे. दोन्ही मार्गांची समीकरणे मांडता येतात. कोणते कशाला लागू, हे मात्र फेकूनच कळते.