‘फाइल’ : कर्ता कोण?

परप्रांती नोकरीस आलेल्या मराठी माणसाच्या घरी आणि कचेरीत सारख्याच सहजतेने वावरणारा शब्द म्हणजे ‘फाइल’. येथे गोमती नगरात आमचे शेजारी सरकारी कागदांवर ‘पत्रावली’ लिहितात, तिकडे महाराष्ट्र शासन ‘नस्ती’ लिहिते. तोंडी मात्र उभयतांची फाइलच.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘फिलुम’, म्हणजे धागा. कागद दोऱ्यात वा तारेत ओवून ठेवण्याच्या रीतीवरून तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ज्याला आपण कानस म्हणतो त्या हत्याराचे इंग्रजी नावही हेच. पण ते निराळ्या, जर्मानिक कुळातले. हिंदीतील ‘नत्थी’ही बैलाच्या नाकात दोरी ओवण्याच्या ‘नाथना’ या क्रियेवरून आली. पेशवे दफ्तराचे कागद रुमालांत बांधले गेले. धागा असो वा फडके, हेतू एकच : कोणाचाही कागद सुटू नये.

मराठीने ‘फाइल’ला स्त्रीलिंग दिले, याविषयी आमची तक्रार नाही. परंतु तिला कर्तेपणही दिले, हे आम्हांस खटकते. फाइल ‘जाते’, ‘फिरते’, ‘अडकते’. ती कोणी अडकवली, हे वाक्यात उरतच नाही.

काही वर्षांपूर्वी कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी एक वृद्धा आमच्या मेजापाशी आल्या. ‘माताजी, फाइल ऊपर गई है,’ आम्ही म्हणालो. ‘किसके पास, बेटा?’ त्यांनी साधेपणाने विचारले. आम्हांस उत्तर देता येईना. फाइल आमच्याच मेजावर, गठ्ठ्याच्या तळाशी होती.

भाषाशुद्धीचे अभिमानी म्हणतील, परका शब्द टाका. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून चालत आलेल्या त्या परंपरेविषयी आम्हांस आदर आहे. तथापि ‘नस्ती प्रलंबित आहे’ असे शुद्ध मराठीत लिहिल्याने त्या वृद्धेस काय लाभले असते? दोष शब्दाच्या कुळात नाही. वाक्यातून माणूस गाळण्याच्या आपल्या सवयीत आहे.

आता ई-ऑफिसात धागा उरलेला नाही, नाव तेवढे उरले. तेथे मात्र फाइल कोणाकडे व कधीपासून आहे, याची नोंद राहते. यंत्र जे सांगते ते आपल्या भाषेनेही सांगावे. ‘फाइल अडकली’ असे म्हणण्याऐवजी ‘आम्ही ती अडवून ठेवली’ असे एकदा म्हणून पाहावे. म्हणताना जड जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.