शिकलेला ‘मी’ आणि गायरानाची नोंद

दलित व भटक्या-विमुक्तांच्या मराठी आत्मकथनांत शाळा ही बहुधा गावाबाहेर नेणारी वाट ठरते. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) यांतील निवेदक अक्षराच्या बळावर जातिबद्ध गावव्यवस्थेपासून दूर सरकत जातो. समीक्षेनेही याच प्रवासाला आत्मकथनाची स्वाभाविक रचना मानले. परिणामी शिक्षण आणि जमीन यांच्यातील संबंधाचा विचार मागे पडला.

बीड जिल्ह्यातील दुकडेगावच्या एकनाथ आवाड यांचे ‘जग बदल घालुनी घाव’ हे आत्मकथन या रचनेला छेद देते. पोतराजाच्या घरात जन्मलेला निवेदक शिकतो. परंतु हे शिक्षण त्याला भूमिहीनांच्या गायरान-लढ्याकडे परत आणते. ज्या भूमीवर मांग, महार, पारधी यांच्या पिढ्या राबल्या, तिच्या दप्तरात त्यांचे नाव नाही. म्हणून हा लढा जितका नांगराचा, तितकाच कागदाचा आहे.

गाव नमुना १-ई हे अतिक्रमणांचे नोंदपुस्तक. गायरान कसणारा त्यात अतिक्रमणदार म्हणूनच येतो. मात्र १४ एप्रिल १९९०पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे १९९१च्या शासननिर्णयाने मान्य केले आणि तीच नोंद, तीच दंडाची पावती ताब्याचा पुरावा ठरली. दोषारोपाचा मजकूर हक्काचा मजकूर म्हणून वाचणे, ही साक्षरता कोणत्याही शाळेच्या पाठ्यक्रमात नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ जुलै २०११च्या शासननिर्णयाने गायरानांवर कडक निर्बंध आणले. पुराव्याचा अर्थ पुन्हा गुन्ह्याकडे झुकला.

या अर्थबदलाची किंमत बीडमध्ये मुले मोजतात. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर मुलाची शाळा अर्ध्यावर सुटते. हंगामी वसतिगृहे ही त्यावरील शासकीय उपाययोजना. पण कसायला जमीन असणे हाच मुलाला गावच्या शाळेत टिकवणारा अधिक मूलभूत आधार होय.

चळवळीच्या वृत्तान्तात ‘मी’ विरळ होतो, असा आक्षेप या आत्मकथनावर घेता येईल. तो पूर्णतः गैरलागू नाही. परंतु व्यक्तीची अंतर्मुखता हाच आत्मकथनाचा एकमेव निकष मानला, तर सामूहिक नोंदीसाठी झगडणारा ‘मी’ समीक्षेच्या दप्तरातही अतिक्रमणदारच ठरेल. येथील ‘स्व’ सातबाऱ्यावर अजून न उमटलेल्या अनेक नावांचा बनला आहे; त्याचे मूल्यमापनही त्याच भूमीवर उभे राहून व्हावयास हवे.