चाळीस फ्रेम्सचा हिशेब

पार्श्वसंगीताबद्दल लिहिताना आपण सहसा दोनच गोष्टी लिहितो: 'प्रसंगाला साजेसं आहे' किंवा 'फार कानावर येतं'. मीही हेच लिहीत आलो होतो. मग एका मित्राच्या अकरा मिनिटांच्या लघुपटाला संगीत द्यायला बसलो, आणि आपण इतके दिवस नक्की कशाला नावं ठेवत होतो असा प्रश्न पडला.

हिशेब साधा आहे. चित्र सेकंदाला २५ फ्रेम्स, लय मिनिटाला १०० मात्रा; म्हणजे एका मात्रेला १५ फ्रेम्स. पडद्यावर दार उघडतं १२०० फ्रेम्सनंतर, म्हणजे बरोबर ८० मात्रा, चार-चारची वीस आवर्तनं संपून समेवर. दोन रात्री खपून हे जमवलं. मग मित्राने एडिटमधून ४० फ्रेम्स काढल्या. दीड सेकंदाहून किंचित जास्त. बघणाऱ्याला कळणारही नाही. पण दार आता सव्वासत्त्याहत्तरच्या जरा पुढे, कुठल्याच मात्रेवर नाही अशा जागी उघडू लागलं. लय १०३.४५ केली तर संगणकातले सूर मुकाट्याने सरकतात. माणसाकडून वाजवून घेतलेली बासरी सरकत नाही. ती सॉफ्टवेअरने आवळली की मींड चुरगळते. प्रोग्रॅममधल्या चाळीस ओळी उडवल्या तर कम्पायलर निदान ओरडतो. इथे कोणीच ओरडत नाही.

आजच्या मालिकांमध्ये आणि वेब-सिरीजमध्ये लांबलचक दबके सूर आणि त्याखाली धडधडणारे तेच ते ठोके इतके का ऐकू येतात, याचं एक कारण मला इथे दिसतं. ज्या संगीतात वाक्यच नाही, ते कुठेही तोडता येतं. ते आळशीपणातून येत असेलही. पण बदलत्या एडिटमध्ये टिकून राहायची ती युक्तीही आहे.

दुसरी अडचण टेम्प ट्रॅकची. संगीत तयार होण्याआधी एडिटर दुसरीकडचे तुकडे लावून चित्रपट जुळवतो, आणि दिग्दर्शकाचे कान त्यालाच सरावतात. रिडली स्कॉटच्या 'एलियन'मध्ये (१९७९) एडिटर टेरी रॉलिंग्ज यांनी जेरी गोल्डस्मिथ यांचंच 'फ्रॉइड' (१९६२) या चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावलं होतं. त्यातले काही तुकडे अखेरच्या चित्रपटात तसेच राहिले. शेवटच्या श्रेयनामावलीवर तर हॉवर्ड हॅन्सन यांची दुसरी सिंफनी आहे. म्हणजे गोल्डस्मिथ स्वतःच्याच सतरा वर्षं जुन्या कामाशी हरले. आणि समीक्षकाची पंचाईत अशी, की ते तुकडे तिथे शोभतात. दिग्दर्शकाचा कान चुकला असं म्हणता येत नाही; संगीतकारावर अन्याय झाला हेही नाकारता येत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण 'ई.टी.'चं (१९८२). शेवटच्या मोठ्या प्रसंगात जॉन विल्यम्स यांना चित्राबरोबर वाद्यवृंद जुळवणं जमेना. तेव्हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी पडद्यावरचं चित्र बंद करायला लावलं, मैफलीत वाजवाल तसं वाजवा म्हणाले, आणि नंतर त्या संगीतावर चित्र पुन्हा कापलं. त्या शेवटाला जो श्वास आहे, तो मला तरी त्या निर्णयातून आलेला वाटतो.

हे हॉलिवूडमध्ये नवलाचं ठरतं. आपल्याकडे गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि चित्रीकरण त्याच्या तालावर चालतं; गाण्याच्या चार-पाच मिनिटांपुरता काळ संगीतकाराच्या ताब्यात असतो. गाणं संपलं की तोच संगीतकार सेकंदाच्या तुकड्यांसाठी एडिटरच्या दारात उभा असतो. आपली गाणी लक्षात राहतात आणि पार्श्वसंगीत राहत नाही, याचा दोष आपण प्रतिभेला देतो. मला वाटतं, आधी वेळ कोणाच्या हातात होती ते बघावं. त्याने वाईट संगीत चांगलं ठरणार नाही, पण वाईट नेमकं कुठे झालं ते तरी कळेल.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी मित्राकडे चाळीस नाही, दहाच फ्रेम्स परत मागितल्या. ११७० फ्रेम्स म्हणजे बरोबर ७८ मात्रा. बासरीवाला श्वास घेतो तिथल्या दोन मात्रा मी काढल्या. मित्र कुरकुरला, पण त्याने दिल्या. दार आता समेवर उघडतं.