गळ्यात अडकलेला शब्द

वारकऱ्यांच्या मासिकात विलायती नाटकाचा विचार कशासाठी, अशी शंका वाचकांच्या मनात प्रथमच येईल. तिचे समाधान असे की, हे नाटक मी पुष्कळ वर्षे कीर्तनात दृष्टांत म्हणून सांगत आलो, आणि चुकीचे सांगत आलो. आता गुडघ्यांमुळे उभे राहून सेवा होत नाही. बसल्या जागी पुन्हा वाचन केले तेव्हा चूक ध्यानात आली. ज्यांनी ते कीर्तन ऐकले त्यांना दुरुस्त करून सांगणे हे माझ्याकडे देणे लागते.

नाटक शेक्सपिअरचे 'मॅकबेथ'. साधारण १६०६ च्या सुमारास लिहिलेले. मराठीत शिवरामपंत परांजप्यांनी ते 'मानाजीराव' या नावाने आणले, आणि पुढे १९५४ साली वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' आले. मी वाचले ते 'राजमुकुट', तालुक्याच्या वाचनालयातून आणून. पुढे इंग्रजी जाणणाऱ्या एका शिक्षकांनी मूळ नाटक अंकवार समजावून दिले.

कथा थोडक्यात अशी. स्कॉटलंडचा राजा डंकन. त्याचा शूर सरदार मॅकबेथ लढाई जिंकून परत येत असता माळावर तीन चेटकिणी भेटतात आणि 'तू राजा होशील' असे भविष्य सांगतात. घरी आल्यावर बायको त्याला चेतवते. राजा त्याच रात्री पाहुणा म्हणून घरी उतरतो आणि झोपेत मारला जातो. मॅकबेथ गादीवर बसतो. ती टिकवण्यासाठी सोबती बँकोला मारवतो, मग मॅकडफ नावाच्या सरदाराच्या बायकामुलांनाही. शेवटी बायको वेडी होऊन मरते आणि मॅकबेथ मॅकडफच्या हातून मारला जातो.

मी कीर्तनात सांगे ते असे : चेटकिणी म्हणजे मंथरा, बायको म्हणजे कैकेयी, आणि कुसंगतीने भला माणूस बुडाला. श्रोते माना डोलवीत. पण नीट पाहिले तर नाटक असे म्हणतच नाही. चेटकिणींनी 'राजा होशील' एवढेच सांगितले. 'खून कर' हा शब्द त्यांच्या तोंडात नाही. तो विचार मॅकबेथच्या मनात आपोआप उठला, आणि उठताच त्याच्या अंगावर काटा आला. जे बाहेरून ऐकले ते बियाणे नव्हते, पाऊस होता. बियाणे आत आधीच पडलेले होते.

याला पुरावा बँकोचा. तोही त्याच माळावर उभा होता. त्यालाही भविष्य मिळाले, की तू राजा होणार नाहीस पण तुझा वंश राज्य करील. त्याने कोणावर शस्त्र उचलले नाही. उलट त्याने तिथल्या तिथे सोबत्याला सावध केले, की अंधारातल्या शक्ती लहानसहान खरे सांगून विश्वास मिळवतात आणि मोठ्या जागी दगा देतात. पाऊस एकच, एका शेतात विष उगवले, दुसऱ्यात नाही. बँको पुरता निर्दोष आहे असेही नाही, कारण पुढे संशय येऊनही तो गप्प राहिला. पण त्याचे वेगळेपण कशात आहे, ते पुढे पाहू.

आता दिसणे आणि असणे, हा या नाटकाचा दुसरा धागा. सुरुवातीलाच कॉडर नावाच्या परगण्याचा सरदार फितूर झाल्याचे कळते. राजा त्याला देहान्त देतो आणि त्याची पदवी मॅकबेथला बक्षीस देतो. पुढच्या एका प्रसंगात राजा खंतावून म्हणतो, की चेहऱ्यावरून मन वाचण्याची विद्या कोणाला नाही. त्या माणसावर आपला पुरता विश्वास होता. हे बोलणे संपते न संपते तोच समोरून मॅकबेथ येतो, आणि राजा त्याला गळामिठीचे शब्द बोलू लागतो! एका फसवणुकीचे दुःख ओठांवर असतानाच माणूस दुसरीत शिरतो. मरणाच्या वाड्यापाशी आल्यावरही तिथली हवा किती प्रसन्न आहे असे त्याला वाटते, आणि पाकोळ्यांनी घरटी केली आहेत म्हणून जागेची वाखाणणी होते.

येथवर आपण म्हणू, राजा भोळा होता. पण फसवणारा स्वतः फसलेला होता का? नाही, आणि येथेच हे नाटक बोचते. खून करण्याआधी मॅकबेथ एकटा उभा राहून सारा हिशोब मांडतो. राजा आपला नातलग आहे, आपण त्याचे चाकर आहोत, तो आज आपला पाहुणा आहे, आणि तो सज्जन आहे. बाजूला काय, तर नुसती महत्त्वाकांक्षा. त्याला सगळे कळते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन विचारतो ना, की मनुष्य इच्छा नसताना, जणू कोणी बळेच ओढल्यासारखा, पाप का करतो? भगवंतांचे उत्तर : रजोगुणातून उपजलेला काम आणि क्रोध. मॅकबेथ हा त्या प्रश्नाचे चालतेबोलते रूप आहे. कळण्याने पाप थांबत नाही. आम्हा निरूपण करणाऱ्यांना तर हे भिंतीवर लिहून ठेवावे असे आहे.

मग थांबते कशाने? या नाटकात तीन मागणी आहेत, आणि मला वाटते सारे मर्म त्या तिघींत आहे.

पहिली बायकोची. राजा येणार असे कळताच ती काळ्या शक्तींना बोलावते आणि मागते, की माझ्यातली माया काढून घ्या, माझ्या मनाकडे अनुतापाची येणारी वाट बंद करा. लक्षात घ्या, तिलाही ठाऊक आहे की ती वाट आहे. नसती तर बंद करायला कशाला सांगितली असती?

दुसरी बँकोची. त्याच रात्री झोपायला जाताना तो देवाच्या शक्तींची करुणा भाकतो, की विश्रांतीच्या वेळी मनात जे वाईट विचार शिरतात त्यांना तुम्हीच आवरा. म्हणजे त्याच्याही मनात विचार येत होते! तो मॅकबेथहून निराळ्या मातीचा नव्हता. फक्त त्याने विचार आला तेव्हाच हात जोडले. थोड्याच वेळात त्याच वाड्यात मॅकबेथला हवेत लोंबणारी कट्यार दिसते, आणि तो तिच्या मागे चालू लागतो.

तिसरी मॅकबेथची. खून झाला. शेजारी झोपलेली दोन माणसे दचकून जागी झाली, त्यांनी देवाचे नाव घेतले, एक प्रार्थना म्हटली आणि पुन्हा झोपली. त्या प्रार्थनेला मॅकबेथला 'आमेन' म्हणायचे होते, आपल्याकडचे 'तथास्तु' म्हणा. एवढाच शब्द. तो गळ्यात अडकला. बायकोला तो पुन्हा पुन्हा विचारतो, की मला आशीर्वादाची इतकी गरज असताना तो शब्द माझ्या तोंडून का निघाला नाही? ती म्हणते, अशा गोष्टींचा इतका खोल विचार करू नये.

येथे वारकऱ्याला मोठी शंका येते. नामाला तर पापी वर्ज्य नाही. अजामिळ तरला. मग याच्याच गळ्यात शब्द का अडकावा? नाम कमी पडले काय?

समाधान वाल्या कोळ्यापाशी आहे. त्याच्याही जिभेला 'राम' वळेना, इतके पाप साचले होते. सात रांजण खड्यांनी भरले होते. तेव्हा नारदांनी 'मरा मरा' म्हणायला लावले आणि त्यातूनच राम उगवला. मग दोघांत फरक काय? वाल्याने बायकोला विचारले, माझ्या पापात वाटेकरी होशील का? ती नाही म्हणाली. मॅकबेथची बायको मात्र पुरती वाटेकरी झाली. पण खरा फरक हा नव्हे. वाल्या परत आला तेव्हा त्याने शस्त्र खाली ठेवले होते. मॅकबेथ 'आमेन' अडकल्याचे दुःख सांगतो तेव्हा रक्ताने भरलेल्या कट्यारी त्याच्या हातात तशाच आहेत! बायकोलाच प्रथम त्या दिसतात. आशीर्वाद हवा, कट्यारही हवी, आणि तिने मिळवलेला मुकुटही हवा. नाम कमी पडले नाही. हात मोकळे नव्हते.

म्हणून टोचणी आणि अनुताप या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. कीर्तनात मी त्या एकच मानीत असे. टोचणी मॅकबेथला काय कमी होती? झोप गेली. मेजवानीत रिकाम्या खुर्चीवर बँकोचे भूत दिसले. पण त्याच रात्री तो काय म्हणतो? रक्तात आपण इतके आत आलो आहोत की मागे फिरणे आणि पलीकडे जाणे सारखेच कठीण. म्हणून तो पुढे गेला, आणि मॅकडफची लेकरे मेली. टोचणीने माणूस सुधारत नाही, कधी कधी तो अधिक क्रूर होतो. बायकोचेही तेच. पहिल्या रात्री तिला वाटले थोड्या पाण्याने हात स्वच्छ होतील. शेवटी ती झोपेत चालते, दिवा जवळ ठेवते आणि हात चोळत राहते. वैद्य म्हणतो, हिला वैद्यापेक्षा देवमाणसाची गरज आहे. पण तिनेच ती वाट बुजवून घेतली होती.

अनुताप कसा असतो तेही नाटककाराने दाखवले आहे, आणि इतक्या हळूच की मी तीनदा वाचून चुकलो. तो फितूर कॉडर! मरताना त्याने अपराध कबूल केले, राजाची क्षमा मागितली, मनापासून पस्तावला. त्याच्या आयुष्यातली सर्वांत शोभणारी गोष्ट म्हणजे त्याचे मरण, असे राजपुत्र सांगतो. मॅकबेथने त्याची पदवी घेतली, वाडे घेतले. अनुताप तेवढा घेतला नाही.

आता माझे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात काल्याचे कीर्तन एका वडीलधाऱ्या बुवांकडे असे. ते आपल्याला मिळावे असे मला फार वाटे. गावकऱ्यांपैकी एकाने मला विचारले, "बुवांचा आवाज बसलाय म्हणतात, खरं का?" आदल्याच आठवड्यात मी त्यांना ऐकले होते, आवाज खणखणीत होता. मी म्हणालो, "वय झालंय आता त्यांचं." वय झाले होते, हे खरेच. माळावरच्या चेटकिणीही खोटे कुठे बोलल्या होत्या?

काला मला मिळाला. बुवा श्रोत्यांत बसले होते. त्यांनीच माझ्या गळ्यात हार घातला. कपाळी गोपीचंदन, गळ्यात तुळशीची माळ, मागे टाळकरी, मृदंगाची थाप. चेहऱ्यावरून मन वाचण्याची विद्या त्या दिवशीही कोणाला नव्हती. आणि मी विठ्ठलाचे नाव घेतले, शेकडो वेळा घेतले. ते एकदाही अडकले नाही.

हे नाटक पुन्हा वाचताना मी या जागी थांबलो. त्या खुन्याचा शब्द निदान गळ्यात अडकला. त्याच्या देहात काही तरी अजून खरे होते. माझा शब्द तालासुरात वाहत गेला. नामाच्या बळावर पाप करणे हा दशनामापराधांतला एक, हे मी स्वतः कितीदा निरूपणात सांगितले आहे. टोचणी मलाही होती. पण काला मी पुढची अकरा वर्षे सोडला नाही. कट्यार हातातच होती. बुवा वैकुंठवासी झाले. त्यांच्या पायावर डोके ठेवून सांगणे राहिले ते राहिलेच.

इतिहासातला मॅकबेथ या नाटकातल्यासारखा नव्हता. त्याच्या हाती १०४० ते १०५७ असे सतरा वर्षे राज्य होते, आणि १०५० साली तो रोमच्या यात्रेला गेला व तेथे त्याने गोरगरिबांना पैसे वाटले, अशी जुनी नोंद आहे. यात्रेने त्याचे काय झाले ते देव जाणे. पण आपण यात्रा करणारी माणसे आहोत, म्हणून सांगतो. वाळवंटात पाय ठेवण्याआधी हातात काय आहे ते पाहावे. ज्याचे काही घेतले तो माणूस जिवंत असेल तर आषाढीपर्यंत थांबू नये. आज संध्याकाळी हरिपाठ होण्याआधी त्याच्या दारी जावे, घेतलेले परत करावे, आणि मग नाम घ्यावे. अडकत अडकत आले तरी चालेल. 'मरा मरा'पासूनही सुरुवात झाली आहे.

॥ रामकृष्णहरी ॥