वंशावळ, कैफियत आणि उमाबाई दाभाडे

कुळाच्या कागदपत्रांतून पूर्वजाचे चरित्र उभे करता येते, ही समजूत मराठी कुलवृत्तांतांच्या मुळाशी आहे. परंतु हे कागद चरित्रासाठी लिहिलेले नसतात. वंशावळ, करीणा, महजर, कैफियत या प्रत्येक लेखनप्रकाराला स्वतःचे प्रयोजन असते. त्या प्रयोजनाला आवश्यक तेवढाच माणूस तो नोंदवतो. म्हणूनच कुलसाधनांचे वाचन ही प्रथम साहित्यप्रकाराची चिकित्सा ठरते. तळेगाव दाभाडे येथील सेनापती घराण्यातील उमाबाई दाभाडे यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो.

वंशावळीचे व्याकरण पितृवंशाचे असते. येसाजी, त्यांचे पुत्र खंडेराव, त्यांचे पुत्र त्र्यंबकराव अशी तिची ओळ चालते. या व्याकरणात कन्या बाहेर जाणारी आणि पत्नी बाहेरून आलेली. अभोण्याच्या ठोके देशमुखांच्या घरी जन्मून तळेगावी आलेल्या उमाबाईंना दोन्हीकडे असे कडेचेच स्थान मिळते. याउलट श्राद्धविधीत आई, आजी, पणजी यांचा नामगोत्रासह उच्चार होतो. कुटुंबाच्या स्मरणातून स्त्री वगळलेली नसते; वगळलेली असते ती हक्काच्या नोंदीतून. वंशावळ हा मुळात वतनाच्या वारशाचा पुरावा असल्यामुळे ज्याच्याकडून वारसा पुढे जात नाही, त्याची तिला गरज भासत नाही.

वंशावळीत कथन नसते. ते येते करीण्यात आणि कैफियतीत, म्हणजे हक्काला धक्का लागल्यानंतर. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत बाजीरावाशी झुंजताना त्र्यंबकराव मारले गेले. शाहू महाराजांनी सेनापतिपद त्यांचे अल्पवयीन बंधू यशवंतराव यांना दिले आणि घराण्याचा कारभार उमाबाईंकडे आला. १७३२ मधील पिलाजी गायकवाडांच्या खुनानंतरची अहमदाबादेवरील मोहीम, गुजरातच्या अर्ध्या हिश्शावरून १७५० साली आळंदीस झालेली पेशव्यांची भेट, ताराबाईंच्या पक्षास मिळणे आणि १७५१ मधील दाभाड्यांची कैद हे सारे यानंतरचे. १७५३ मध्ये उमाबाईंचे निधन झाले. म्हणजे त्यांचे ठळक दस्तऐवजी आयुष्य जेमतेम बावीस वर्षांचे. त्याआधीचा विवाह, तीन पुत्र, तीन कन्या आणि दीर्घ संसार एका ओळीत मावतो.

येथे चरित्रकाराने थांबावयास हवे. कागदांत दिसणाऱ्या उमाबाई दाद मागणाऱ्या आहेत. अन्यायाची जाणीव, करारीपणा, हक्काचा अट्टाहास ही त्यांची स्वभाववैशिष्ट्ये म्हणावयाची की दाद मागणाऱ्या लेखनाचे संकेत? अशा कागदात अर्जदार याच सुरात बोलतो. त्या सुराला व्यक्तिमत्त्व समजणे म्हणजे साहित्यप्रकाराला माणूस समजणे होय. त्यांचे कर्तृत्व यामुळे उणावत नाही. ते मोहिमेतून आणि वाटाघाटीतून सिद्धच आहे. प्रश्न आहे तो स्वभावाविषयीच्या अनुमानाचा.

कागदांनी मोकळी ठेवलेली जागा आख्यायिका भरून काढते. शाहू महाराज बाजीरावास घेऊन तळेगावी आले आणि उमाबाईंच्या हाती तलवार देऊन सूड घेण्यास त्यांनी सांगितले, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिची सत्यासत्यता बाजूस ठेवली तरी तिची रचना बोलकी आहे. सत्तेचा तंटा येथे घरातला होतो: छत्रपती वडीलधारे, पेशवा अपराधी मूल, उमाबाई क्षमा करणारी माता. आळंदीस हिश्शाचा वाद घालणारी कारभारीण या कथेत मावत नाही. हक्काची भाषा वात्सल्याच्या भाषेत विरघळवणे, हेच या कथेचे कार्य आहे.

तळेगावनजीक, त्याच मावळातील कामशेत येथे अखेरपर्यंत राहिलेल्या रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादिले आणि ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळीही संकलित केल्या. कागद आणि वंशवृक्ष अशी दोन स्वतंत्र कामे त्यांच्या हातून झाली. विसाव्या शतकातील कुलवृत्तांतांनी मात्र वंशवृक्ष, सनदा, आख्यायिका आणि चरित्र एकाच सलग निवेदनात ओवले. त्यामुळे कोणते विधान कोणत्या प्रकारच्या लेखनातून आले, हे वाचकाला कळेनासे झाले.

पूर्वजाचा शोध घेणाऱ्याने ही शिवण पुन्हा उसवली पाहिजे. कुळाच्या कागदांत पूर्वज भेटतो तो बहुधा कोणाला तरी उत्तर देताना. तो गप्प होता तेव्हाचे त्याचे आयुष्य त्या कागदांबाहेर राहते. उमाबाईंच्या १७३१ पूर्वीच्या आयुष्याची कोरी जागा कल्पनेने न भरता ती कोरी का राहिली, हे सांगणे हाही चरित्रलेखनाचाच भाग आहे.