'हो' म्हणवून घेणारा इशारा

संगणकाची प्रणाली अद्ययावत केली की जुनी आवृत्ती जाते व नवी येते, असे आपण गृहीत धरतो. लिनक्समध्ये मात्र कधी कधी आख्खे पॅकेजच नाहीसे होते. शाळेच्या संगणककक्षात ते उद्याच्या धड्याचे असेल, तर तास बुडालाच. दोष कोणाचा?

डेबियन, उबुंटू आणि सी-डॅकची 'बॉस' या एकाच कुळातल्या प्रणाली. त्यांत पॅकेजे बसवण्या-काढण्याचे काम 'ॲप्ट' हे साधन पाहते. प्रत्येक पॅकेज इतर काहींवर अवलंबून असते, तर काहींशी त्याचे मुळीच पटत नाही. ही सारी नाती सांभाळणारा मेळ ॲप्ट शोधते आणि तो जमला नाही, तर कोणाला तरी बाहेर काढून जमवते. पाचूबंदरला किनाऱ्यावर ओढलेल्या होडीची फळी बदलताना, ती बसत नाही म्हणून कोणी इंजिन काढून टाकत नाही. होडी कशासाठी आहे हे सुताराला ठाऊक असते. ॲप्टला ते ठाऊक नसते.

म्हणून सारी भिस्त इशाऱ्यावर. काय काढणार याची यादी ॲप्ट आधी दाखवते, हा तिचा मोठा गुण. परंतु यादीत नावे असतात, परिणाम नसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रफितीत कॅनडाचे लायनस सेबॅस्टियन 'पॉप ओएस'वर 'स्टीम' बसवत होते. इशारा आला, त्यांनी मागितलेले 'यस, डू ॲज आय से!' हे वाक्य टंकित केले आणि डेस्कटॉपच गेला. वापरणाऱ्याने वाचायला हवे होते, हे खरेच. पण वाक्य टंकित करणे म्हणजे समजणे नव्हे. ॲप्टच्या कर्त्यांनाही ते पटले असावे. पुढे अत्यावश्यक पॅकेज काढण्यासाठी हे वाक्य पुरेनासे झाले, वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागू लागला.

आमचा दुसरा आक्षेप नावांवर आहे. 'अपग्रेड' आणि 'फुल-अपग्रेड' यांत दुसरे अधिक परिपूर्ण वाटते. वास्तविक फरक असा, की पहिले बसवलेले पॅकेज काढत नाही, तर दुसऱ्याला तशी मुभा असते. धोका नावातच झाकला गेला आहे!

तोवर शिक्षकांनी काय करावे? आधी साधे 'अपग्रेड' चालवावे. 'फुल-अपग्रेड' करण्यापूर्वी 'सिम्युलेट' पर्यायाने त्याची रंगीत तालीम घ्यावी आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी नीट वाचावी. जपायचे पॅकेज 'ॲप्ट-मार्क होल्ड'ने रोखता येते. मात्र रोखलेल्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, म्हणून ती अडवणूक कायमची नसावी.

ही यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवून विचारावे: यातले कोणते गेले तर काय बंद पडेल? ॲप्ट जे सांगत नाही, ते मुलांनी शोधून काढावे.